दोन रात्री, सात बाटल्या आणि एक जुने खाते

बँकेची नोकरी सुटली तरी बँकेची वही सुटत नाही. घरचा किराणा असो की नातीचा वाढदिवस, मी आधी एक कोरे पान घेतो, मधोमध उभी रेघ मारतो, डावीकडे जमा आणि उजवीकडे खर्च लिहू लागतो. गेल्या महिन्यात असेच एक पान घेऊन वर मथळा लिहिला : 'वाइन-भोजन, नाशिक, फेब्रुवारी'. आमच्या सौ. मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला, मथळा वाचला आणि विचारले, "म्हणजे नऊ म्हातारी माणसं मिळून दोन दिवस प्यायला चालली आहेत, असंच ना?"

मी म्हणालो, "प्यायला नाही, आस्वाद घ्यायला."

"तेच ते," असे म्हणून त्या आत गेल्या.

हा प्रश्न वाटतो तेवढा घरगुती नाही. वाइन ही दारू आहे काय, ती शेतकऱ्याच्या हिताची आहे काय आणि सभ्य घरातल्या माणसांनी तिच्याविषयी उघडपणे बोलावे काय, यावर महाराष्ट्र गेली पंचवीस वर्षे वाद घालतो आहे. विधिमंडळात घालतो, वर्तमानपत्रांत घालतो आणि घरी जेवणाच्या टेबलावर तो टाळतो. आमच्या या दोन रात्रींच्या बेतानिमित्त मला तो टाळता आला नाही, म्हणून हा लेख.

बेत आणि बेरीज

आमचे मंडळ साधेच आहे. एक निवृत्त डॉक्टर, एक वकील, महाविद्यालयात फ्रेंच शिकवलेल्या एक प्राध्यापिका बाई, बँकेतले माझे दोन सहकारी, त्यांपैकी एकाच्या पत्नी, मुलाकडे कॅलिफोर्नियात सहा महिने राहून आलेले एक जोडपे आणि मी. सौ. दहाव्या, त्या फक्त जेवायला येणार. ठरले ते असे : शुक्रवारी आणि शनिवारी रात्री नाशिकला जेवण, प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळी वाइन आणि तिच्यावर मनमोकळी चर्चा. फेब्रुवारी निवडला, कारण वाइनच्या द्राक्षांची खुडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते. गंगापूर धरणाच्या काठी, दिंडोरीकडे किंवा इगतपुरीच्या बाजूला त्या दिवसांत गेले, तर क्रेटांतून घड येताना, टाक्यांत रस फसफसताना प्रत्यक्ष पाहता येते.

पहिल्या बैठकीत उत्साहाच्या भरात रात्रीला सहा, दोन रात्रींत बारा वाइन ठरल्या. हिशेब माझ्याकडे आला. बाटली ७५० मिलिलिटरची असते. चव घेण्यापुरते प्रत्येकी ५० मिलिलिटर ओतले, तर नऊ जणांना ४५० लागतात. म्हणजे एका वाइनला एक बाटली पुरून वर ३०० उरतात, ज्याला आवडली त्याने पुन्हा मागावी. पैशांच्या दृष्टीने बेत बसत होता. पण बँकेत एक सवय लागते : रक्कम जुळली की दुसऱ्या पद्धतीने पुन्हा मोजून पाहायचे. मी पैशांऐवजी मद्यार्क मोजला.

वाइनमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारण साडेबारा टक्के धरू. सहा वाइनचे ५० मिलिलिटरप्रमाणे ३०० झाले. त्यात शुद्ध मद्यार्क साडेसदतीस मिलिलिटर. आपल्याकडच्या व्हिस्कीत तो ४२.८ टक्के असतो, म्हणजे ३० मिलिलिटरच्या लहान पेगात सुमारे तेरा. आमच्या 'आस्वादा'ची एका रात्रीची बेरीज जवळजवळ तीन लहान पेग झाली. हॉटेलात १५० मिलिलिटरचा जो एक ग्लास देतात, तोही दीड पेगाच्या जवळ जातो. हे आकडे मी फोनवर वाचून दाखवले, तेव्हा पलीकडे थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग डॉक्टर म्हणाले, "मी हे रुग्णांना चाळीस वर्षं सांगत आलो. स्वतःसाठी कधी मोजलं नव्हतं."

बारांच्या सात झाल्या. शुक्रवारी तीन, शनिवारी चार. टेबलावर थुंकपात्र ठेवायचे, असेही ठरले. वाइनचा व्यवसाय करणारे लोक दिवसाला अनेक चवी घेतात त्या थुंकूनच घेतात, त्यात असभ्य काही नाही. पण आपल्या संस्कारांना ते जड जाते. गाडी भाड्याची, चालकासकट. मोटार वाहन कायद्याप्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला तर तो गुन्हा, आणि त्या मर्यादेपर्यंत पोहोचायला फार वेळ लागत नाही. वकिलांनी आठवण करून दिली, की १९४९ चा दारूबंदी कायदा या राज्यात अजून जिवंत आहे आणि दारू बाळगायला व प्यायला परवाना लागतो. चौकशी केली तेव्हा आमच्या नऊ जणांत परवाना काढलेला माणूस एकच निघाला, तो म्हणजे वकील.

वरणभाताच्या शेजारी

मग आला जेवणाचा प्रश्न. कॅलिफोर्नियाहून आलेल्या जोडप्याचे म्हणणे, चीज आणि ऑलिव्ह ठेवावे. मी आणि बाई अडून बसलो. नाशिकच्या मातीतली वाइन नाशिकच्या जेवणाबरोबर चालणार नसेल, तर तिला इथली तरी का म्हणायचे? आणि थोडा विचार केला तर ती चालते. कोथिंबीर वडी, बटाटेवडा असे तळलेले पदार्थ असले की बुडबुड्यांची, स्पार्कलिंग वाइन जिभेवरचे तेल धुऊन काढते. सोव्हिन्यों ब्लाँचा आंबटपणा चिंच-आमसुलाच्या आमटीपुढे टिकतो. किंचित गोडसर शेनिन ब्लाँ तिखटाला शांत करते. अडचण लाल वाइनची. तिच्यात द्राक्षाच्या सालीबियांतून उतरलेला जो तुरटपणा असतो, तो आणि मिरचीचा जाळ एकत्र आले की दोन्ही भडकतात. काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर शिराझ हवी असेल, तर मसाला राहू द्यावा, मिरची निम्मी करावी. पुरणपोळीबरोबर मात्र कोणतीच नको, कारण पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की चांगली वाइनही आंबट लागते. पुरणपोळीला तूपच बरे, यावर सगळ्यांचे एकमत झाले.

आणखी एक गोष्ट बाईंनी सांगितली. लाल वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी असे पुस्तकात लिहिलेले असते, ती खोली युरोपातल्या थंड घराची, १६ ते १८ अंशांची. आपल्या खोलीत दुपारचा पारा तिशीला टेकतो. तेव्हा लाल बाटलीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. क्रम म्हणाल तर हलकी आधी, जड नंतर. कोरडी आधी, गोड शेवटी.

इथपर्यंत बेत सुरळीत चालला होता. मग बाईंनीच विचारले, "तुम्ही नाशिककडे शाखाधिकारी होतात ना? एखादा वाइन-द्राक्षांचा बागाईतदार ओळखीचा असेल तर त्यालाही बोलवा. त्याच्याकडून ऐकायला आवडेल."

मी 'बघतो' म्हणालो आणि आठ दिवस फोन केला नाही.

खाते क्रमांक आठवत होता

त्याचे कारण सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल. महाराष्ट्रात आधुनिक वाइनची सुरुवात १९८० च्या दशकात नारायणगावला झाली. तिथली शँपेनच्या धर्तीवरची वाइन परदेशातही गेली. १९९९ मध्ये नाशिकजवळ सुला उभी राहिली आणि २००० साली तिची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. वाइनला उत्पादन शुल्कातून सवलत मिळाली, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क जाहीर झाले. पाठोपाठ नाशिक जिल्ह्यात एकामागून एक वायनरी निघू लागल्या. पुढे 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही मिळाले.

मी त्या काळात जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. वरून पत्र आले होते, की या नव्या पिकाला प्राधान्याने कर्जे द्यावीत. आबा (सारा गाव त्यांना याच नावाने ओळखतो) २००४ मध्ये माझ्यासमोर बसले ते एका वायनरीबरोबरचा करार घेऊन. चार एकर शिराझ. खुंट, कलमे, अँगल, तारा, ठिबक असा सगळा खर्च धरून प्रस्ताव होता. सात-बारा स्वच्छ, आधीचे कर्ज वेळेवर फेडलेले, शिवाय माल घेण्याची लेखी हमी. यापेक्षा चांगला प्रस्ताव कोणता? मी शिफारस केली, मंजुरी दिली आणि २००७ मध्ये बदली होऊन निघून गेलो.

एक गोष्ट मात्र मी तेव्हा नीट केली नव्हती. तो करार मी तारणासारखा फाइलला लावला, वाचला नाही. म्हणजे पहिले पान वाचले. दर, वजन, वर्षे. शेवटच्या पानावर एक कलम होते, की दर्जा आणि साठवणक्षमता पाहून माल किती घ्यायचा, हे वायनरी ठरवील.

२००८ मध्ये जगभर मंदी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. हॉटेले ओस पडली आणि वाइनचा मोठा खप हॉटेलांतच होता. टाक्या भरलेल्या राहिल्या. पुढच्या हंगामांत अनेक ठिकाणी माल नाकारला जाऊ लागला. आबांची बाग कराराने ज्यांच्याशी बांधली होती, त्यांनी आधी निम्मा घेतला, मग काहीच नाही.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण शहरात ती फारशी ठाऊक नसते. वाइनची द्राक्षे म्हणजे आपण खातो ती द्राक्षे नव्हेत. मणी बारीक, साल जाड, आत बिया, गोडी अतोनात. ती हातगाडीवर विकता येत नाहीत, बियांमुळे त्यांचा चांगला बेदाणा होत नाही, व्यापारी त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाही. खाण्याच्या द्राक्षाला भाव पडला तरी भाव असतो. वाइनच्या द्राक्षाला एकच गिऱ्हाईक असते, आणि ते फिरले की चार एकरांतली साखर वेलीवरच सुकते. कर्ज देताना हा धोका आम्हाला दिसायला हवा होता. आम्हाला हमीपत्र दिसले.

२०११ मध्ये मी विभागीय कार्यालयात होतो. थकीत खात्यांची यादी टेबलावर आली. त्यात आबांचे खाते होते आणि मंजुरीखाली माझी सही. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत ते बसले नव्हते, कारण ती माफी ३१ डिसेंबर २००७ रोजी थकलेल्या कर्जांना होती आणि तोवर आबांचा एकही हप्ता चुकलेला नव्हता. वेळेवर फेडणाऱ्याला त्याची अशी किंमत मोजावी लागली. एकरकमी तडजोडीची शिफारस मी केली, तेवढे माझ्या हातात होते. आबांनी रस्त्याकडेची दीड एकर जमीन विकली आणि खाते बंद केले. शिराझला कुऱ्हाड लागली.

नंतर मी चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत शाखाधिकारी आहेत, शेतकरी आहेत, सावकारही आहेत. हे खाते त्यांतल्या एकाही कादंबरीत नाही.

वाद कशाचा, तोटा कोणाचा

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, की सुमारे हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा-दालनांत वाइन विकू द्यावी. कारण दिले शेतकऱ्यांच्या हिताचे. सत्तेतल्या एका नेत्याने वाइन म्हणजे दारू नव्हे असे सांगितले. विरोधकांनी 'मद्यराष्ट्र' करता काय म्हणून झोड उठवली. अण्णा हजारे यांनी उपोषणाची घोषणा केली आणि नंतर ते मागे घेतले. सरकारने हरकती-सूचना मागवल्या, त्याच वर्षी ते सरकारही गेले आणि निर्णय प्रत्यक्षात आला नाही.

त्या वादात दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचे नाव घेतले, पण त्याच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही. महाराष्ट्रात पिकणारी बहुतेक द्राक्षे खाण्यासाठी, निर्यातीसाठी आणि बेदाण्यासाठी जातात. वाइनला जाणारा वाटा लहान आहे. तेव्हा दुकानात बाटली ठेवल्याने द्राक्ष बागाईतदारांचे भाग्य उजळेल, हे म्हणणे अतिशयोक्तीचे होते. आणि ज्या थोड्यांचे पीक वाइनला जाते, त्यांचा प्रश्न दुकानाचा नसून कराराचा आहे. खप वाढला तर वायनरीला माल लागेल, हे खरे. पण खप घटला तर तोटा कोणी सोसायचा, हे कागदावर कुठे लिहिलेले असते?

आता यात परदेशी बाटलीही आली आहे. डिसेंबर २०२२ पासून ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार लागू झाला. पूर्वी तिथल्या वाइनवर १५० टक्के आयातशुल्क होते. पाच डॉलरपेक्षा महाग बाटलीवर ते लगेच १०० टक्के, पंधरा डॉलरपेक्षा महाग बाटलीवर ७५ टक्के झाले आणि दहा वर्षांत अनुक्रमे ५० आणि २५ टक्क्यांवर यायचे आहे. ग्राहक म्हणून मला त्याचा आनंद आहे. पण स्पर्धा वाढली की काटकसर सुरू होते, आणि ती टाकीपासून सुरू होऊन बांधापर्यंत येते, हे बँकेत बसून पाहिलेले आहे.

राहिला 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हा मुद्दा. १९९१ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमाने फ्रेंच माणसाच्या निरोगी हृदयाचे श्रेय लाल वाइनला दिले आणि तेव्हापासून आपल्यालाही एक सोयीचे औषध मिळाले. त्या समजुतीला पुढच्या संशोधनाने बरेच तडे दिले आहेत. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले, की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येणार नाही, मग ते वाइनमधले असो वा व्हिस्कीतले. शरीर बाटलीवरचे लेबल वाचत नाही. ज्या राज्यात वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, जिथे बायकांनी गावागावांत बाटली आडवी करण्यासाठी मतदान केले, तिथे वाइनला वेगळे सोवळे नेसवण्याने आपण त्या बायकांचा अपमान करतो, असे मला वाटते. घरात दारूने माणूस गेलेल्या बाईला मद्यार्काच्या टक्केवारीचा फरक समजावून सांगण्याची माझी हिंमत नाही.

म्हणून वाइन बंद करावी, असे मी म्हणणार नाही. मी ती घेतो, मला ती आवडते आणि नाशिकच्या मातीत ती चांगली होते याचा मला अभिमानही आहे. तिला दारू म्हणावे, दारूचे सगळे नियम लावावेत, आणि शेतकऱ्याच्या हिताचे नाव घ्यायचे असेल तर सवलत मागणाऱ्या प्रत्येक वायनरीला एक अट घालावी : करारात किमान किती माल घेणार ते लिहा, नाकारला तर भरपाई किती ते लिहा, पैसे किती दिवसांत देणार ते लिहा. कर्ज देणाऱ्या बँकेने शेवटचे पान वाचल्याची सही करावी. सवलत जनतेच्या पैशातून दिली जाते. तेवढे मागण्याचा जनतेला हक्क आहे.

आबांचा फोन

नवव्या दिवशी मी फोन लावला. नंबर बदलला असेल अशी आशा होती. आबांनीच उचलला.

"साहेब? बोला, बोला. तब्येत बरी ना?"

मी बेत सांगितला. जेवायला या म्हणालो. आबा हसले. "साहेब, मी माळकरी माणूस. सात-आठ वर्षं ती द्राक्षं पिकवली, पण त्यांची वाइन कशी लागते ते मला ठाऊक नाही. आता कशाला बघू?"

मग धीर करून त्या कलमाचे बोललो. शेवटचे पान मी वाचायला हवे होते, असे म्हणालो. पलीकडे थोडी शांतता. "मीही वाचलं नव्हतं साहेब," आबा म्हणाले. "तुम्ही वाचलं असेल म्हणून मी नाही वाचलं. तुम्हाला वाटलं, मी वाचलं असेल." आणि मग, "ती दारू आहे का नाही ते तुम्ही शहरात ठरवा. माझं म्हणणं एवढंच होतं, माल घेतो म्हणाला तर घ्यायचा."

त्यांचा नातू आता एका वायनरीत पाहुण्यांना बागेतून फिरवण्याचे काम करतो. पगार बरा आहे, म्हणाले. उरलेल्या अडीच एकरांत आता थॉमसन आहे, खाण्याची. रविवारी दुपारी सगळ्यांना घेऊन घरी या, पिठलंभाकरी खा आणि मग बाग बघा, असे त्यांनी सांगितले. "फक्त गाडीत बाटल्या असल्या तर घरात आणू नका. बाकी काही नाही."

वहीचे पान मी पुन्हा लिहून काढले. शुक्रवार, तीन वाइन. शनिवार, चार. रविवारी दुपारी साडेबारा, आबांकडे, माणसे दहा. सौ. नी ते वाचले आणि पुन्हा विचारले, "मग? प्यायला चाललात की नाही?"

"हो," मी म्हणालो. "प्यायलाच चाललो आहोत."

त्यांनी मान हलवली आणि पेन मागून घेतले. खर्चाच्या बाजूला, शेवटच्या ओळीत, आपल्या अक्षरात त्यांनी लिहिले : आबांच्या सूनबाईंना खण-नारळ.